गेटपासच्या टेबलावर

सीमा सुरक्षा दलातली माझी बरीचशी नोकरी पूर्व सीमेवर झाली. निवृत्तीनंतर गावी नुसतं बसवेना, म्हणून नवी मुंबईच्या बाजूला एका मोठ्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. घुसखोरी जिथून सुरू होते ती जागा मी पाहिली आहे, आणि जिथे ती पोटापाण्याला लागते ती जागाही रोज पाहतो. दोन्हीकडच्या ड्यूटीतून माझं मत पक्कं झालं आहे. बेकायदा आलेला माणूस ओळखला गेला पाहिजे आणि कायद्याने परत गेला पाहिजे, यात मला शंका नाही. पण त्याला आणणारा दलाल, कागद बनवून देणारा आणि कमी मजुरीत राबवून घेणारा ठेकेदार हे तिघे मोकळे राहिले, तर एक गेला की त्याच्या जागी दुसरा येतो. २०२५ मध्ये आमच्या साइटवरच्या सगळ्या मजुरांची कागदपत्रं नव्याने तपासायचं काम माझ्यावर आलं, तेव्हा हे फार जवळून दिसलं.

आधी सीमेबद्दल थोडं सांगतो, कारण शहरात बसून बोलणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती एखाद्या भिंतीसारखी असते. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६.७ किलोमीटरची आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या पश्चिम बंगालला लागून आहे. सुमारे ३,२०० किलोमीटरवर कुंपण झालं आहे. उरलेल्या साडेआठशेहून अधिक किलोमीटरमध्ये कुठे जमिनीचा वाद आहे, कुठे नदी, कुठे दलदल. काही भागात तर कुंपण उभं राहूच शकत नाही. इच्छामतीसारखी नदीच जिथे सीमा आहे, तिथे खांब कुठे रोवणार? पावसाळ्यात ताग माणसाच्या डोक्याच्या वर जातो, हिवाळ्यात धुकं असं पडतं की टॉर्चचा प्रकाश परत आपल्याच तोंडावर येतो. थर्मल कॅमेरे आले, फ्लडलाइट आले, मदत झाली. पण शेवटी रात्रभर डोळे उघडे ठेवून चालणारा जवानच लागतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. १९७५ च्या दोन्ही देशांतल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार झीरो लाइनपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही. त्यामुळे कुंपण आपल्याच हद्दीत आतल्या बाजूला उभं आहे, आणि कुंपणाच्या पलीकडे आपल्याच शेतकऱ्यांची शेतं आहेत, कुठे कुठे घरंसुद्धा आहेत. त्यांच्यासाठी कुंपणाला गेट असतं. ठरलेल्या वेळी उघडतं, ठरलेल्या वेळी बंद होतं. शेतकरी सकाळी येतो, ओळखपत्र जमा करतो, रजिस्टरला नाव लागतं. बरोबर बैल असतील तर बैलांची नोंद, नांगर असेल तर नांगराची. संध्याकाळी परत आला की नोंद जुळवून कार्ड त्याच्या हातात. त्या गेटवर मी उन्हात, पावसात उभा राहिलेलो आहे. आपल्याच माणसाला आपल्याच जमिनीवर जायला रोज सही करायला लावणं जिवावर येतं, पण ती नोंद खरी असते. कोण गेलं, कोण आलं, हे त्या रजिस्टरवरून सांगता येतं.

पकडले जायचे त्यात बहुतेक मजूर असायचे. बायका, मुलं असायची. ब्यूटी पार्लरमध्ये काम देतो, घरकाम देतो म्हणून आणलेल्या मुली असायच्या. त्यांना कुठे नेलं जाणार आहे याची त्यांना स्वतःला कल्पना नसायची. दलाल मात्र रेषेवर कधी सापडत नाही. तो दोन्ही बाजूंना मागे कुठेतरी गावात बसून मोबाइलवर बोलत असतो. पुढे पाठवतो तो एखादा पोरगा, ज्याला फक्त तेवढी पायवाट माहीत असते. पोरग्याला पुढच्याचं नाव ठाऊक नसतं. सीमा सुरक्षा दल पकडलेल्याला स्थानिक पोलिसांच्या ताब्यात देतं. गुन्हा नोंदवणं, तपास करणं, खटला चालवणं हे पोलिसांचं काम. चुकून ओलांडलेल्यांना फ्लॅग मीटिंग, म्हणजे सीमेवर दोन्ही दलांच्या अधिकाऱ्यांची बैठक, घेऊन पलीकडच्या दलाकडे, बीजीबीकडे सोपवलंही जातं. आमची साखळी तिथेच संपायची. तो माणूस मुंबईला कुणाकडे निघाला होता, हे आम्हाला कधी कळायचं नाही. ते मला साइटवर आल्यावर कळलं.

साइटवरची पद्धत काय होती ते सांगतो. नवी गँग आली की मुकादम सकाळी गेटवर येणार, हातात झेरॉक्सचा गठ्ठा. आधारच्या झेरॉक्स, तीही इतकी काळी की फोटोत माणूस आहे की सावली हे कळत नाही. मेडिकल, सेफ्टीचं इंडक्शन, हेल्मेट-बूट, फोटो आणि गेटपास. सगळ्यांचं लक्ष इंडक्शनकडे, कारण अपघात झाला तर जबाबदारी येते. कागद मात्र फाइलला लावण्यापुरते. यात आणखी एक विसंगती होती. माझ्या हाताखाली जो सुरक्षारक्षक नेमायचा, तो २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे भारताचा किंवा केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या देशाचा नागरिक असावा लागतो, त्याची चारित्र्य पडताळणी व्हावी लागते. म्हणजे गेटवर उभा राहणाऱ्याची पोलिसांकडून पडताळणी, आणि गेटातून आत जाणाऱ्या शेकडो माणसांची एका काळ्या झेरॉक्सवर! सीमेवर मी बैल मोजून आत-बाहेर सोडले होते. इथे माणसंसुद्धा नीट मोजली जात नव्हती.

जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्यात एका अभिनेत्यावर त्याच्या घरात घुसून चाकूहल्ला झाला. ठाण्यातून पकडलेला आरोपी बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं, आणि तो मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत हॉटेलात कामाला होता असं बातम्यांत आलं. त्यानंतर सगळीकडे धावपळ सुरू झाली. पोलीस ठाण्यातून मालकांना, ठेकेदारांना निरोप आले. आमच्या कंपनीनेही ठरवलं की एकूण एक मजुराची फेरतपासणी करायची, आणि सीमेवर नोकरी केलेला म्हणून काम माझ्याकडे दिलं.

मी पहिला नियम केला तो हा की कार्ड मजुराच्या स्वतःच्या हातात असलं पाहिजे. मुकादमाच्या हातचा गठ्ठा चालणार नाही. यावर फार आरडाओरडा झाला, आणि त्यातूनच पहिली गोष्ट बाहेर आली. कितीतरी मजुरांची मूळ कार्डं मुकादमाच्या पेटीत होती. ‘हरवतील म्हणून ठेवली’, असं उत्तर. ज्याचं कार्ड दुसऱ्याच्या पेटीत आहे तो मजुरी बुडाली तरी काम सोडून जाऊ शकत नाही, हे त्यातलं खरं कारण. झारखंडचे, बिहारचे, आपल्या नांदेड-यवतमाळकडचे, सगळे त्यात होते. कार्डं परत करायला लावली. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ही तपासणी व्हायला हवी होती.

मग टेबल मांडलं. मजूर येणार, कार्ड देणार, त्याची संमती विचारून आम्ही कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अॅपने स्कॅन करणार. ही सोपी तपासणी किती लोक करत नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं. कार्डावर काय छापायचं ते छापणाऱ्याच्या हातात आहे. कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात फोटो बदलता येतो, नाव बदलता येतं. क्यूआर कोडमधली माहिती मात्र डिजिटल सहीने बंद केलेली असते. अधिकृत अॅपमध्ये नाव, पत्ता आणि फोटो जसा खरा आहे तसाच उघडतो. शिवाय आधारच्या वेबसाइटवर नंबर टाकला की वयोगट, लिंग, राज्य आणि मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. दोन्ही मिळून मिनिटाचं काम.

बहुतेकांचं सगळं बरोबर निघालं. जे चुकीचं निघालं ते स्पेलिंगचं, बापाच्या नावाचं, जन्मतारखेचं. अर्ध्याहून जास्त देशाची जन्मतारीख १ जानेवारी असावी असं त्या टेबलावर वाटायचं, कारण शाळेत घालताना मास्तरांनी जी लावली तीच पुढे चालत आली. त्यावरून कुणाला संशयित ठरवायचं नाही, हे मी माझ्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावलं.

एक दिवस एक पोरगा टेबलाशी आला. विशीतला, प्लास्टरच्या गँगमधला हेल्पर. कार्ड नवं कोरं, प्लास्टिकचं, रंगीत. फोटो त्याचाच. पत्ता नदिया जिल्ह्याचा. क्यूआर स्कॅन केला आणि मोबाइलच्या पडद्यावर चष्मा घातलेला, पन्नाशीचा, कपाळावर केस मागे गेलेला एक माणूस उघडला. पत्ता दुसऱ्याच जिल्ह्याचा. नावसुद्धा वेगळं. माझ्या शेजारच्या गार्डने अॅप बंद करून पुन्हा स्कॅन केलं. पुन्हा तोच माणूस. पोरग्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याला जराही नवल वाटलं नाही. भीती वाटली, नवल नाही. मुकादम तिथेच उभा होता. म्हणाला, “साहेब, झेरॉक्सवाल्याची गडबड असणार, उद्या दुसरं आणतो.” उद्या दुसरं! आधार कार्ड म्हणजे जणू बसचं तिकीट.

खासगी सुरक्षेच्या माणसाला चौकशी करायचा अधिकार नाही, मारहाण तर दूरच. माझ्या गेटवर कुणावर हात उचलला तर तो गार्ड त्या दिवशी घरी जाईल, हे सगळ्यांना माहीत होतं. पोरग्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि पोलिसांना फोन केला. वाट पाहताना मला येणाऱ्या तोडक्यामोडक्या बंगालीत मी एवढंच विचारलं, “घर कोथाय?” त्याने आधी नदिया सांगितलं. मग थोड्या वेळाने खाली मान घालून म्हणाला, सातखीरा. सातखीरा बांगलादेशात, उत्तर चोवीस परगण्याच्या समोर. तिथली पायवाट मला डोळे मिटून आठवते.

पुढे पोलिसांसमोर त्याने जे सांगितलं ते असं: गावातल्या दलालाला थोडे पैसे आधी दिले, बाकीचे मजुरीतून फेडायचे ठरलं. रात्री ओलांडून आणलं, दोन दिवस एका घरात ठेवलं, हावड्याहून गाडीत बसवून कुर्ल्याला उतरवलं. कार्ड त्याने मागितलं नव्हतं. ते मुकादमाने आणून दिलं आणि त्याचेही पैसे मजुरीतून कापले. त्याच गँगमधल्या दुसऱ्या हेल्परपेक्षा त्याला रोजचे दोनशे रुपये कमी मिळत होते. इथे थांबून नीट बघावं असं मला वाटतं. कारण हे दोनशे रुपये म्हणजेच घुसखोरीचं इंजिन आहे. तो तक्रार करू शकत नाही, पडला तरी दवाखान्यात नाव खरं सांगू शकत नाही, मजुरी बुडवली तर कुठे जाणार? मुकादमाला असाच माणूस हवा असतो. आणि तो माणूस आला की त्याच्या शेजारच्या नांदेडच्या पोरालाही मुकादम सांगतो, “परवडत नसेल तर जा, तो बघ कमीत करतोय.”

पोरग्यावर १९४६ च्या फॉरेनर्स अॅक्टखाली आणि पासपोर्टच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. माझ्या लेखी अहवालात मी मुकादमाचं नाव, कार्ड कुणी आणून दिलं हे पोरग्याचं म्हणणं आणि त्या गँगचं मस्टर, तिन्ही जोडले आणि पोच घेतली. तरी मुकादमाचा जबाब घेऊन त्याला सोडून दिलं. कंपनीने त्याचं काम बंद केलं. पुढे महिना-दोन महिन्यांत आमच्याच एका पेंटरने सांगितलं की तो खाडीपलीकडच्या दुसऱ्या साइटवर गँग घेऊन लागला आहे. पोरगा कोठडीत, आणि त्याला आणणारा, कार्ड करून देणारा, त्याच्या मजुरीतून कापून घेणारा दुसऱ्या गेटवर नवा गठ्ठा घेऊन उभा. याचा मला आजही संताप येतो.

दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची, आणि माझ्या मते तितकीच महत्त्वाची.

मे २०२५ पासून मोहीम जोरात आली. केंद्रीय गृहखात्याने राज्यांना संशयितांची पडताळणी ३० दिवसांत करायला सांगितलं. मुदत आली की खालच्या माणसावर आकड्यांचा दबाव येतो, हे कुठल्याही वर्दीतल्या माणसाला सांगायला नको. आमच्या लेबर कँपवर एका संध्याकाळी गाडी आली आणि बंगाली बोलणारे तेवढे वेगळे काढून ठाण्यात नेले. त्यात सळई बांधणाऱ्या गँगमधला एक चाळिशीचा कारागीर होता. माझ्या टेबलावरून त्याचं आधार स्वच्छ गेलेलं. मतदार कार्ड होतं, रेशन कार्ड होतं. पण ठाण्यातल्या अधिकाऱ्याने बरोबर एक गोष्ट हेरली होती: त्याचे सगळेच्या सगळे कागद २०१५ नंतरचे. जन्माचा दाखला नाही, शाळेचा नाही, बापाचं नाव कुठल्याही जुन्या मतदार यादीत नाही. आणि त्यावर कळस म्हणजे त्याच्या थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बाप म्हणून भलत्याच माणसाचं नाव. कागद बघणाऱ्या कुणालाही हा माणूस बनावट वाटला असता.

मी ठाण्यात गेलो आणि त्याला फक्त गावाचं नाव विचारलं. तो म्हणाला, “मशालडांगा.” मला लगेच उलगडा झाला, कारण मी कूचबिहारला ड्यूटी केली आहे.

कूचबिहार जिल्ह्यात दिनहाटाच्या आसपास असे तुकडे होते की चारही बाजूंनी भारत, आणि मधलं गाव कागदावर बांगलादेशचं. त्यांना छीटमहल म्हणतात. तसेच आपले तुकडे पलीकडे. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भूसीमा करार अमलात आला आणि एकूण १६२ तुकड्यांची अदलाबदल झाली. त्यातले भारतातले ५१ भारताचे झाले, बांगलादेशातले १११ बांगलादेशचे. तिथे राहणाऱ्यांना कुठलं नागरिकत्व हवं ते निवडता आलं. मशालडांग्याचे लोक त्या रात्री भारतीय झाले. २०१६ ला त्यांनी पहिल्यांदा मतदान केलं. त्याआधी त्यांच्या गावात ना भारताची शाळा, ना दवाखाना, ना रेशन. पोराला शाळेत घालायचं तर बाहेरच्या भारतीय गावातल्या एखाद्या भल्या माणसाचं नाव बाप म्हणून लावायचे. प्रसूतीला नेलेल्या बाईचा नवरा म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव सांगायचे. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. म्हणजे या कारागिराचे २०१५ च्या आधीचे कागद असणं शक्यच नव्हतं, आणि मुलाच्या दाखल्यावरचं परकं नाव हे फसवणुकीचं नसून त्या काळातल्या अडचणीचं होतं.

हे मी त्या अधिकाऱ्याला मोबाइलवर नकाशा उघडून सांगितलं. माणूस चांगला होता, ऐकून घेतलं. म्हणाला, “शिंदेसाहेब, तुम्ही सांगता ते पटतंय, पण मला लेखी पाहिजे.” त्याचंही बरोबर होतं. २०११ आणि २०१५ मध्ये दोन्ही देशांनी मिळून छीटमहलांतल्या लोकांची मोजणी केली होती. त्या यादीत ज्याचं नाव, त्याचा हक्क. कारागिराच्या भावाला फोन लावला. त्याने यादीच्या पानाचा फोटो पाठवला, दिनहाट्याच्या बीडीओ (गटविकास अधिकारी) ऑफिसचा नंबर शोधून दिला. ऑफिसातला फोन कुणी उचलेना. मग ईमेल, मग पुन्हा फोन. तिकडून उत्तर आलं आणि दोन-तीन दिवसांनी त्याला सोडलं. बाहेर आल्यावर त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो हजेरीचा. तेवढ्या दिवसांची हजेरी लागणार का? ठेकेदार म्हणाला, गैरहजर होता, कशी लावू? मी कंपनीला पत्र लिहिलं की हा माणूस आपल्याच तपासणीत पास झालेला होता आणि त्याचा काही दोष नाही. हजेरी लावून घेतली.

तो परत आला. सगळेच येत नाहीत. त्याच वर्षी जून महिन्यात मुंबई परिसरातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीयच निघाल्यावर त्यांना फ्लॅग मीटिंग करून परत आणावं लागलं. त्या बातमीने माझ्या मनाला जेवढं लागलं तेवढं क्वचित कशाने लागलं असेल. फ्लॅग मीटिंगमध्ये समोरच्या देशाच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहून ‘हा आमचा नागरिक आहे, चुकून तुमच्याकडे आला’ असं सांगणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे. आपलाच नागरिक आपणच ढकलला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शिवाय त्यानंतर आपण खऱ्या घुसखोराला घेऊन उभे राहिलो, तर समोरचा आधीचं प्रकरण पुढे करणार.

भाषेवरून ओळख पटत नाही. माल्दा, मुर्शिदाबाद, नदियामधला माणूस आणि समोरच्या राजशाही, कुष्टियामधला माणूस जवळपास सारखंच बोलतात. एकाच जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, बोली तुटली नाही. मी इतकी वर्षं तिथे काढून बोलण्यावरून सांगू शकत नाही, तर मुंबईतला शिपाई कसा सांगेल? सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात हेच बजावलं: नागरिकत्व सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावर असली, तरी संशय घ्यायला आधी अधिकाऱ्याच्या हातात काहीतरी ठोस साहित्य हवं. मी याकडे दयेचा प्रश्न म्हणून बघत नाही. चुकीच्या दहा जणांमागे माणूसबळ घालवलं तर अकरावा, खरा, मागच्या गेटने निघून जातो. ज्या संध्याकाळी कँपवर गाडी आली, त्या रात्री दोन खोल्या रिकाम्या झाल्या. ते कोण होते, कुठे गेले, कुणाला कळलं नाही.

मग करायचं काय? जेवणाच्या सुट्टीत माझे गार्ड मला हेच विचारतात.

ठेकेदारापासून सुरुवात करा, असं माझं उत्तर आहे. त्यासाठी फार नवं काही लागत नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यातच होतं की ठेकेदाराने परवाना घ्यायचा, मजुराचा तपशील पंधरा दिवसांत त्याच्या मूळ राज्याला आणि कामाच्या राज्याला, दोन्हीकडे कळवायचा आणि प्रत्येकाला फोटो असलेलं पासबुक द्यायचं. मूळ राज्याकडे नाव गेलं असतं तर ‘असा माणूस आमच्याकडे नाही’ हे उत्तर तिकडूनच आलं असतं. त्या सातखीऱ्याच्या पोराला नदियाचा म्हणून दाखवणं मग सोपं राहिलं नसतं. माझ्या नोकरीत मी असं पासबुक एकाही मजुराच्या हातात पाहिलेलं नाही. आता तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला आहे. नावं बदलोत, पण ठेकेदाराने दोन राज्यांना कळवायचं आणि नाही कळवलं तर त्याचं बिल अडायचं, एवढं तरी खरंच होऊ द्या.

सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे त्यात विलीन झाले. पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही; बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरणाऱ्याला, पुरवणाऱ्याला किमान दोन, कमाल सात वर्षं. पुरवणाऱ्यालासुद्धा, हे मला त्यात सगळ्यात चांगलं वाटलं. तशीच कडक नजर आधार-जन्मदाखला बनवणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानावर असावी. दुसरं, आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधारच्या कायद्यातच तसं लिहिलं आहे. तो राहणाऱ्याचा ओळखक्रमांक आहे. तरीही गेटवर, बँकेत, भाड्याच्या खोलीला, सगळीकडे तोच शेवटचा शब्द मानला जातो. क्यूआर तपासून कार्ड खरं की खोटं एवढंच कळतं. त्यापुढचं काम पोलिसांचं आणि मूळ गावातल्या नोंदींचं. म्हणून जन्मनोंदीचं रजिस्टर नीट ठेवणारा ग्रामसेवक माझ्या दृष्टीने सीमेवरच्या जवानाइतकाच या कामातला आहे.

परत पाठवायचं तर समोरच्या देशाने ‘हा आमचा’ म्हणायला हवं. पोलीस, गृहखातं, परराष्ट्र खातं, त्यांचं उच्चायुक्तालय, तिथून त्याच्या गावचा पत्ता तपासणं, अशी ती वाट आहे, आणि शिक्षा भोगून झालेली माणसं तोवर बंदिस्त बसून असतात. ही वाट कमी वेळात पार व्हावी यासाठी जो जोर लावायचा तो दिल्लीतून लागला पाहिजे. रात्रीत ढकलून देण्याने फक्त मोजणी होते. ढकललेला माणूस पुढच्या धुक्यात त्याच दलालाला पुन्हा पैसे देऊन येतो.

आणखी एक मत आहे, त्यावर दलातल्या माझ्या जुन्या सोबत्यांशी माझं पटत नाही. ज्या कामांना इथे खरंच माणसं मिळत नाहीत त्यांच्यासाठी बोटांचे ठसे घेऊन, ठरावीक मुदतीचं, ठरावीक मालकाकडचं काम-परमिट द्यावं, असं मला वाटतं. पेट्रापोलच्या अधिकृत सीमानाक्याच्या गेटने दिवसाढवळ्या आलेला माणूस मला माहीत असतो, त्याला किमान मजुरी द्यावी लागते, म्हणजे ते दोनशे रुपये मुकादमाच्या खिशात जात नाहीत. सोबती म्हणतात, एकदा दार उघडलं की बंद होत नाही. त्यांची भीती मला कळते. पण आज दार उघडंच आहे, फक्त ते दलालाच्या ताब्यात आहे.

कंपनीला मी तीन गोष्टी लेखी दिल्या. मूळ कार्ड मजुराच्या हातात आणि क्यूआर तपासल्याशिवाय गेटपास नाही, ही मान्य झाली. सगळ्यांची मजुरी थेट ज्याच्या त्याच्या बँक खात्यात, ही मोठ्या ठेकेदारांना लागू झाली, छोट्या मुकादमांचं अजून रोखीत चालतं. तिसरी, एखाद्या मुकादमाने बनावट कागदाचा माणूस आणला तर त्याचं नाव आसपासच्या सगळ्या साइटना कळवायचं आणि पोलिसांकडे त्याच्यावर तक्रार कंपनीने स्वतः करायची. ही फाइल वर गेली आहे. दर सोमवारच्या मीटिंगला मी तिच्याबद्दल विचारतो.